पाकिटाची मागची बाजू

बाबा, आज शेठचा मुलगा भेटला. तुम्ही ज्यांच्या लाँड्रीत इस्त्री करायचात, त्या शेठचा. तो आता कायमचा कॅनडाला चाललाय. त्याच्या घरचं सामान आमच्या कंपनीकडून जाणार आहे, आणि दुबईत, अल क्वोजच्या आमच्या गोदामात खोक्यांवर लेबलं लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी प्रत्येक लेबल दोनदा वाचतो, म्हणून सगळे मला हसतात. मी त्याला ओळखलं नव्हतं, त्यानेच मला ओळखलं. आणि मग खोक्यावर बसून चहा पिताना, अगदी मजेत, त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती तुम्ही सांगायला हवी होती. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. आता मी तेवीस वर्षांचा आहे. म्हणजे सांगायला तुमच्याकडे वेळ नव्हता असं म्हणावं, तर तसंही नाही; त्याआधीचे कितीतरी शुक्रवार तुमच्याकडे होते.

शुक्रवार, तुमच्या सुट्टीचा वार, म्हटलं की मला अजमानची ती खोली दिसते. स्वयंपाकघर तीन बिऱ्हाडांत मिळून एक. आई सुरमई तळून आणते, खोलीत वास भरलेला असतो, आणि जेवण झाल्यावर तुम्ही हात साबणाने दोनदा धुता. मलाही धुवायला लावता. मग जमिनीवर कालचा पेपर पसरायचा. तुम्ही कपाटावरून तो पुठ्ठ्याचा डबा काढता आणि त्यातलं एक पाकीट माझ्यासमोर ठेवता. फक्त एक. लाँड्रीची गिऱ्हाईक असलेल्या, जुमैरातल्या एका अमेरिकन मॅडमनी देश सोडून जाताना तो डबा तुम्हाला दिला होता. तिच्या नवऱ्याच्या लहानपणीची बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डं, दुकानातून आणून कधी न उघडलेली, जाड मेणकागदाच्या रंगीत पाकिटांत बंद. "फॉर युवर बॉय," असं ती म्हणाली होती, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलं होतंत की मला तिचा आवाजसुद्धा ऐकल्यासारखा वाटायचा.

आपल्याला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. "क्रिकेटच आहे रे, फक्त स्टंप विसरलेत," असं तुम्ही म्हणायचात. विकेटकीपरसारखा जाळीचा मुखवटा घातलेला एक टक्कल पडलेला, मिशीवाला माणूस होता, तो सारखा निघायचा. मी पाकिटाची घडी नखाने हळूच सोडवतो, आत कार्डांवर गुलाबी रंगाचा, खडूसारखा झालेला च्युइंग गमचा तुकडा असतो, तो तुम्ही लगेच उचलून फेकता, आणि पहिलंच कार्ड बघून आई दारातून विचारते, "आला का तुमचा टकल्या?"

"आला," मी म्हणतो.

"बिचारा. त्याला दुसरं घर नाही," आई म्हणते, आणि तुम्ही हसता.

मी कार्डं नंबराप्रमाणे लावायचो. प्लास्टिकच्या खणांच्या पानांचा एक अल्बम तुम्ही आणून दिला होतात. प्रत्येक खणात एक कार्ड, आणि जे नंबर मिळाले नाहीत ते खण रिकामे. ते रिकामे खण मला झोपताना डोळ्यांसमोर दिसायचे. निळ्या टोपीतला एक डावखुरा मला हवा होता. त्याचं चित्र मी शेठच्या मुलाकडे पाहिलं होतं. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला लाँड्रीत न्यायचात, तेव्हा तो काउंटरमागच्या खुर्चीत बसून त्याची कार्डं दाखवायचा. त्याच्या दुबईच्या शाळेत अमेरिकन पोरं होती, त्यांनी त्याला कोण मोठा खेळाडू आणि कोण साधा हे शिकवलं होतं. "यू डोन्ट हॅव हिम? रिअली?" असं तो विचारायचा. तो वाईट नव्हता. त्याला खरंच आश्चर्य वाटायचं. मी त्याला विचारायचो, तुझ्याकडे ही कुठून आली? तो तुमच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "फ्रेंड्सकडून." तुम्ही इस्त्रीवरून मान वर करत नव्हतात.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं. गमचा डाग एका कार्डावर होता, मधल्या. आणि गम पडला होता भलत्याच कार्डावर, सगळ्यांत वर. मी दोन्ही तुमच्यासमोर धरली. "बाबा, गम इथे आणि डाग तिथे, असं कसं?" तुम्ही दोन्ही कार्डं उजेडात धरून पाहिलीत, जणू तुम्हालाही पहिल्यांदाच दिसतंय. "कारखान्यातली मशीन आहे, बाबू. मशीनही चुकते." मला ते पटलं. तुमच्या हातून कधी कॉलरची घडी चुकायची नाही, मग चुकली तर मशीनच चुकणार.

आणि तो दिवस. पाकिटातून पुन्हा टकल्या निघाला, त्याच्यामागे माझ्याकडे असलेलेच आणखी दोघे निघाले, आणि मी सगळी कार्डं खोलीभर भिरकावली. एक आमटीच्या भांड्यात गेलं. मी रडत म्हणालो, "चांगले सगळे त्या शेठच्या मुलालाच मिळतात!" तुम्ही मला कधी हात लावला नव्हता, त्या दिवशीही लावला नाही. पण असा आवाज मी तुमचा ऐकला नव्हता. "उचल. एकूण एक उचल. ज्याच्या नशिबात जे असतं तेच त्याच्या हाताला लागतं. दुसऱ्याच्या ताटात बघायचं नाही. एवढी हाव बरी नाही." मी उचलली. आमटीतलं कार्ड धुऊन, पुसून, पेपरात दाबून ठेवलं. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की मी कमनशिबी आहे, आणि वर हावराही आहे. दहा वर्षांचं पोर ते पक्कं करतं तेव्हा ते फार पक्कं होतं, बाबा.

आता शेठचा मुलगा आज काय म्हणाला ते सांगतो. त्याच्या एका खोक्यावर 'जुनी कार्डं' असं लिहायचं होतं. तो म्हणाला, "अरे, याच्यातली हाफ तर तुझ्या डॅडनीच दिली. तुला माहितीये ना?"

मी म्हणालो, "नाही."

"कम ऑन! तो अमेरिकन लेडीचा बॉक्स नव्हता का? माझे पप्पा म्हणाले, आधी आमच्या बाबाला, म्हणजे मला, बघू दे. मग तुझे डॅड एक एक पाकीट ओपन करायचे, मी मला हवी ती काढायचो, माझी डबलवाली आत टाकायचो. आणि मग ते घडी घालून, वर रुमाल ठेवून इस्त्री फिरवायचे, मेण मेल्ट होऊन पाकीट पुन्हा सील. यार, परफेक्ट! एकदम नवीन. मागून थोडं शायनी दिसायचं, बस. आय लव्हड वॉचिंग दॅट. जादू होती." मग माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. "हबीबी, सॉरी. मला वाटलं त्यांनी नंतर सांगितलं असेल तुला."

मी 'जुनी कार्डं' लिहिलं, दोनदा वाचलं, आणि लेबल चिकटवलं.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. व्हिसावर शेठने तुम्हाला मॅनेजर दाखवलं होतं. इस्त्रीवाल्याला बायकापोरं आणता येत नाहीत, मॅनेजरला येतात. आई त्या खोलीत सुरमई तळत होती ती शेठच्या एका सहीवर, आणि मी अजमानच्या शाळेत जात होतो तोही त्याच सहीवर. त्या माणसाने "आधी आमच्या बाबाला बघू दे" म्हटल्यावर तुम्ही काय म्हणणार होतात? मीही नाही म्हणालो नसतो. आज मीही सुपरवायझरला कशालाच नाही म्हणत नाही. कार्डं गेली त्याचं मला काही नाही, बाबा. तुम्ही उघडी पाकिटं आणून माझ्यासमोर ठेवली असतीत आणि म्हणाला असतात, "शेठच्या मुलाने आधी घेतली, उरलेली तुझी," तर मी रडलो असतो, चिडलो असतो, पण मला कळलं असतं की माझी कार्डं एका माणसाने नेली. तुम्ही मला सांगितलंत की ती नशिबाने दिली नाहीत. माणसावर राग धरता येतो आणि एक दिवस तो जातो. नशिबावर धरलेला जात नाही.

आणि माझा गेला नाही. पुढे सरकारी तपासणी आली, मॅनेजर खरंच मॅनेजर आहे का ते बघायला, आणि शेठ म्हणाला खलास, फॅमिलीला पाठवून दे. म्हणजे ज्यासाठी तुम्ही ते केलं तेही टिकलं नाही. मी आणि आई गावी गेलो. तुम्ही लाँड्रीत उभ्या उभ्या गेलात, इस्त्रीचा प्लग तसाच चालू होता, असं शेठने फोनवर सांगितलं. त्या वर्षी मी नववीत नापास झालो. सर घरी आले होते. म्हणाले, पुन्हा बस, तुझं लिहिणं शुद्ध आहे, गणित मी करून घेतो. मी नाही म्हणालो. आईने का म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, माझ्या पाकिटात टकल्याच असतो. आई हसली नाही. तिला हे इस्त्रीचं माहीत होतं का, हे मी तिला विचारणार नाही. विचारलं तर ती खरं सांगेल.

तुम्ही असतात तर आज मी तुमच्याशी भांडलो असतो. मोठ्याने. शेजारच्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दुसऱ्याच्या ताटात बघू नकोस म्हणून तुम्ही मला दरडावलंत, आणि ज्या ताटाविषयी बोलत होतात ते तुम्ही स्वतः वाढून आला होतात. हाव माझी नव्हती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून आणखी एक सांगतो. आम्ही गावी निघालो तेव्हा विमानतळावर तुम्ही माझ्या हातात डब्यातलं शेवटचं पाकीट ठेवलं होतं. "हे सगळ्यांत खालचं होतं," म्हणालात. "हे तुझं." तुम्ही सुट्टीवर आलात की बरोबर उघडू, म्हणून मी ते ठेवलं, आणि तुम्ही आला नाहीत. मी ते अल्बमच्या शेवटच्या खणात, मागे काळा पुठ्ठा घालून, पुढची बाजू दिसेल असं बसवलं. लहान असताना मागची बाजू पाहिली असेलच, पण तेव्हा काय बघायचं ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मशीनने चिकटवलेलं असेल तर घडीवर बारीक रेघा असतील. तुम्ही चिकटवलेलं असेल तर मेण पसरून चकाकत असेल.

अल्बम आत्ता माझ्यासमोर आहे. पुठ्ठा काढायला एक क्षण लागेल. मी तो काढलेला नाही.