तुमचे शेवटचे दोन दिवस

सर,

तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चमचा वाजायचा, टक टक, टकटक, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी शाळेत पाठ केलेली मराठी कविता म्हणायचो, तुम्ही एक अक्षर न कळता ठेका धरायचात आणि त्याच ठेक्यावर तुमची एखादी वेल्श कविता बसते का बघायचात. पेनसिल्व्हेनियातल्या त्या कॉलेजात मी तुमचा विद्यार्थी, पण मन रमलं ते त्या टेबलाशी.

मग तुमचं वेल्समधलं, वेल्श बोलणारं गाव धरणाखाली गेलं. इंग्लंडमधल्या कुठल्याशा शहराला पाणी हवं होतं. शाळा, चर्च, दफनभूमी, सगळं बुडालं. तुमची मुलगी तिकडे निघून गेली आणि ते पाणी नेणारी पाइपलाइन उडवायला निघालेल्या पोरांची स्फोटकं तिनं घरात ठेवली. त्या दिवसांतलं तुमचं फोनवरचं भांडण मी समोर बसून ऐकलंय. "माझ्या भाषेला सुरुंग नकोत!" तुम्ही ओरडता. रिसिव्हरमधून तिचा आवाज मलाही ऐकू येतो, "मग गाव बुडताना काठावर बसून कविता म्हणायच्या का, डॅडी?" तुम्ही फोन आदळता. मी तिच्या बाजूनं काही बोलू जातो, तर म्हणता, "तू तुझ्या कविता म्हण." पुढे ती तुरुंगात गेली आणि घरात तिचा विषय निघेनासा झाला.

हॉस्पिटलात शेवटचे दोन दिवस तुमचं इंग्रजीच गेलं. नर्सशी, माझ्याशी, सगळ्यांशी वेल्शमध्ये बोलत होतात, घाईघाईनं, काहीतरी मागत असल्यासारखं. मी हात धरून "येस सर, येस सर" म्हणत राहिलो. ते समजणारं माणूस एकच होतं, आणि तिला कळवायचं नाही असं तुम्हीच आधी बजावून ठेवलं होतं.

हल्ली इथल्या पेपरात कधीमधी येतं, तिकडची पोरं वेल्समधली इंग्रजांची सुट्टीतली घरं जाळताहेत. आपण त्यात नाही, असं तुमची मुलगी परवा फोनवर म्हणाली. केस पांढरे झालेत म्हणे. तिनं विचारलं एवढंच, "शेवटी डॅडींनी माझं नाव घेतलं?" मी म्हटलं, "रविवारी फोन कर, सांगतो." जणू आठवायलाच वेळ लागणार होता! नाव आलं असतं तर मी ओळखलं असतं, सर. आलं नाही. पण लहानपणी तिला कुठल्या लाडाच्या शब्दानं हाक मारायचात, ते मला कुठे ठाऊक? म्हणून "हो" म्हणायचं ठरवलंय. तुम्हाला चालेल ना?

बेल वाजली. बायको आत येऊन सांगतेय, "अहो, कोणी गोरी बाई आलीय, बॅग घेऊन. रविवारपर्यंत धीर धरवला नाही म्हणते."

हे पत्र पाठवणार तरी कुठे. फोनवर "हो" म्हणणं मला जमलं असतं, सर. तिच्यासमोर बसून जमेल असं वाटत नाही.