न फुटणारा आकडा

आई, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही, तू कायम हाकेच्या अंतरावर असायचीस. येलहंक्याचं रेल्वे फाटक पडलं की तू भाजीची पिशवी खाली ठेवायचीस आणि मालगाडीच्या डब्यांवरचे लांबलचक नंबर फोडायला घ्यायचीस. सगळ्या आकड्यांची बेरीज करून तीन आणि नऊनं भाग जातो का बघायचीस, एकाआड एक आकडे वेगळे मांडून अकरानं. लोक गाडीच्या नावानं खडे फोडायचे आणि तुला ती आणखी लांब हवी असायची. एकदा मी म्हणालो, मला हेच शिकायचंय, कॉलेजात जाऊन. तू पिशवी उचललीस. "आकड्यांनी चूल पेटत नाही, बाळा. मशीनवर उभा राहा." माझे वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला तेव्हा राग आला नाही, आजही येत नाही.

उभा राहिलो. होसकोटेला आता माझं गिअर कापायचं वर्कशॉप आहे, आणि ते तुझ्याच खेळावर चाललंय. जोडीतल्या दोन चाकांच्या दात्यांच्या संख्यांना एकच आकडा भागत असला, तर तेच दाते पुन्हापुन्हा त्याच दात्यांवर येतात, तिथेच झिजतात आणि गिअर रडायला लागतं. ते रडणं मला शेडच्या बाहेरूनही ऐकू येतं. म्हणून आधी भाजक तपासायचे, मग लोखंडाला हात लावायचा.

परवाच्या रविवारी तुझी नात कोरमंगलाहून आली. तिथे ती एका अ‍ॅपच्या कंपनीत आहे. स्वयंपाकघरात शेंगा चिरता चिरता म्हणाली, "अप्पा, एक ते नऊ ओळीनं लिहा. १२३४५६७८९."

"नवानं जातो," मी पेन न उचलता म्हटलं.

"आता शेवटी आणखी एकदा १ लावा. फोडा बघू."

१२३४५६७८९१. बेरीज शेहेचाळीस, म्हणजे तीन बाद. अकरानं जाईना, सातानं नाही, तेरानं नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी मी आपला भागतोच आहे. ती हसली. "सोडा अप्पा. मूळ संख्या आहे. कुणाच्या बापानं फुटायची नाही." इतका सोज्वळ दिसणारा आकडा, पोरंसोरं पाठ म्हणतील असा, आणि शेपटाला एक लावल्याबरोबर नुसता दगड.

मग हळूच म्हणाली, "नोकरी सोडते. असल्याच आकड्यांवर पुढे शिकायचंय."

"आणि खायचं काय? एकचा पाढा?"

एरवी माझ्या एकाला ती दोन ऐकवते. या वेळी फळीवरची सुरी थांबली. पुन्हा चालू झाली ती अडखळत, लोड न पेलणाऱ्या मशीनसारखी. मग तिनं विचारलं, "आज्जी काय म्हणाली असती?"

"जा म्हणाली असती," मी सांगून टाकलं. "विचार करायला एक मिनिट घेतलं नसतं तिनं."

तिनं बाहीनं डोळे पुसले. "स्वल्प कांदा लागला." चिरत होती शेंगा.

आई, तू जा म्हणाली नसतीस. चूल कशी विझते ते तू पाहिलं होतंस, तुला कोण नावं ठेवणार? परवानगी माझीच होती, पण माझ्या तोंडून ती निघेना, म्हणून तुझ्या तोंडी घातली. हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहायचा धीर झाला. समोर असतीस, तर आधी तुला विचारलं असतं आणि तू नको म्हटल्यावर पोरीला काय सांगितलं असतं, ते मला अजूनही माहीत नाही.