सहा बुधवार, तिसरा मजला

१९ ऑगस्ट, मंगळवार

पैज लागली! तीही आमच्या ह्यांच्याशी. एप्रिलमध्ये कोरियाला जाऊ या म्हटलं, तर श्यामकांतराव हसत सुटले. म्हणाले, तू सोलमध्ये मुगाची खिचडी शोधत फिरशील. बावीस वर्षं जर्मनीत आहोत, पण रजा मिळाली की पुणे, पुणे आणि पुणे! एकदा तरी मला हवं तिथे जायचंय.

शेवटी ठरलं ते असं – तिसऱ्या मजल्यावरच्या कोरियन शेजारणीकडे, फ्राऊ युनकडे, सहा बुधवार जेवायचं. मांस-मासे सोडून त्या जे वाढतील ते, तोंड वाकडं न करता. जमलं तर हे तिकिटं काढणार.

फ्राऊ युन त्र्याहत्तर वर्षांच्या. पन्नासेक वर्षांपूर्वी नर्स म्हणून इकडे आल्या. विचारायला गेले तर फक्त 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाल्या आणि कॅलेंडरवर सहा खुणा करून मोकळ्या.

२० ऑगस्ट, बुधवार

आज बिबिम्बाप. वाडग्यात भात, त्यावर पालक, गाजर, मोड, मशरूम – सगळ्यांचे वेगवेगळे ढीग. मी आपली ताटात जेवल्यासारखी जेवायला लागले. आधी पालक, मग गाजर, भात शेवटी वरणाची वाट बघत बसलेला. फ्राऊ युन दोन मिनिटं बघत राहिल्या. मग माझ्या हातातला चमचा घेतला, लाल तिखटाची पेस्ट घातली आणि सगळं कालवून टाकलं. माझी सुबक मांडणी गेली, पण चव काय आली! म्हणाल्या, प्रवाशानं हे जॉन्जू शहरात खायचं, दुसरीकडे नाही. मी वहीत लिहून घेतलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. वर पाच मोदक घेऊन गेले. त्यांनी सॉन्गप्यॉन केले होते – तांदळाच्या उकडीचे अर्धचंद्र, आत तीळ आणि मध, खाली पाइनची पानं घालून वाफवलेले. म्हणजे करंजीच्या आकाराचा मोदकच की! त्यांनी माझा मोदक उचलून कळ्या मोजल्या आणि विचारलं, एवढा वेळ असतो का तुझ्याकडे? राग आला. पण त्यांनी तीन खाल्ले, म्हणून सोडून दिलं.

३ सप्टेंबर, बुधवार

हॉत्तोक. गरम, आत वितळलेली साखर, दालचिनी, दाणे. गुळपोळीची मावसबहीण. चार खाल्ले. हे म्हणाले, ही परीक्षा नाही, ही चैन आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

आज संकष्टी हे ध्यानातच नव्हतं. वर जाऊन सांगितलं की चंद्र उगवेपर्यंत काही खाणार नाही, फक्त पिणार. फ्राऊ युन बरं म्हणाल्या, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. फ्रीज उघडा होता, दारात बाटली होती. पांढरं, पातळ, जरा आंबूस. म्हटलं, ताक! सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. दोन ग्लास प्यायले. तिसरा ओतत होते तेव्हा त्या आल्या.

मॅक्कॉली होतं ते. तांदळाची दारू!

खोटं कशाला लिहू, दारूपेक्षा तांदळाचंच जास्त वाईट वाटलं. उपास मोडला तो मोडलाच. मग म्हटलं आता होऊनच जाऊ दे, आणि पातीच्या कांद्याचं धिरडंही खाल्लं. जिना उतरताना कठडा धरावा लागला. ह्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता लिंबू कापलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज हरता हरता राहिले. आंबवलेल्या सोयाबीनचं कढण, द्वेन्जांग. मासळी वगळून मशरूमच्या पाण्यात केलेलं, पण वास! फ्राऊ युन म्हणाल्या, ह्याला नाक मुरडणाऱ्या प्रवाशानं विमानतळावरूनच परत जावं. श्वास रोखून तीन चमचे घेतले. चौथ्याला ते एकदम दाट आमटीसारखं लागलं. वाडगा पुसून संपवला.

२४ सप्टेंबर, बुधवार

जिंकले! सहावा बुधवार – मधात मुरवलेल्या तळीव वड्या, याक्ग्वा, आणि तांदळाचं गोड, गार पेय शिक्ये, ज्यात भाताची शितं तरंगतात. (ह्यात दारू नाही. आधी विचारलं.)

नाचतच खाली आले. काढा तिकिटं म्हटलं. हे चष्मा पुसत बसले. म्हणाले, एप्रिलमध्ये पुण्याला प्रसन्नच्या मुलाची मुंज आहे. प्रसन्न ह्यांचा सख्खा पुतण्या. सगळी रजा तिकडेच जाणार. कोरिया त्याच्या पुढच्या वर्षी. पैज मान्य, पण घरचं कार्य आहे ना, सुमेधा?

मी म्हटलं, "मुंजीला तुम्ही जा. मी कोरियाला जाते."

"एकटी?"

बाथरूममध्ये जाऊन रडले. पन्नाशी उलटल्यावर एका सहलीसाठी रडणं शोभत नाही, पण रडले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

घरात अबोला. आमटीत मीठ जास्त पडलं. मुद्दाम नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

दोन तिकिटं काढली. माझं आणि फ्राऊ युनचं! मी विचारल्यावर त्या जर्मनमध्ये 'या' म्हणाल्या, म्हणजे हो. ह्यांनी निमूटपणे माझा पासपोर्ट शोधून दिला.

वही उघडून म्हटलं, तुम्ही तिथल्या, तुम्हीच सांगा, उतरल्यावर आधी काय खायचं? त्या म्हणाल्या, माहीत नाही. एकविसाव्या वर्षी देश सोडला तेव्हा घरी बार्ली आणि बटाटे, तेही एकवेळ. हे सगळे पदार्थ त्या इथे, जर्मनीत, नर्सांच्या वसतिगृहात शिकल्या, पुस्तकात बघून. नंतर दोनदाच गेल्या – आई गेली तेव्हा, आणि वडील गेले तेव्हा.

"जॉन्जू मी पाहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "मलाही पहिल्यांदाच खायचंय."