रक्तपेढीच्या प्रोग्रॅमचे कुलूप कोणी काढावे

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा प्रोग्रॅम लिहिणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण आणायला दोघे येऊन गेले. दोघांनाही दारातूनच वाटेला लावले.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलीला. जावईबापू सज्जन आहेत असे सगळे म्हणतात. तरीही कागदावर नाव फक्त मुलीचेच असावे.

२. मागच्या खोलीतले मशीन, कुलूप निघेपर्यंत, कोणीही बंद करू नये. कारण सांगतो. रक्तपेढीतली कोणती पिशवी कोणत्या गटाची, कधी बाद होणार, हे माझा प्रोग्रॅम सांगतो. ज्या भाषेत तो लिहिला, तीत लिहिलेले जसेच्या तसे गिऱ्हाइकाच्या संगणकावर जाते. कोणीही उघडावे, वाचावे, स्वतःच्या नावावर खपवावे! म्हणून पाठवण्याआधी मी आतली सगळी नावे बदलून अगम्य करतो, माझ्या टिपा काढतो आणि वर कुलूप घालतो: दर महिन्याला प्रोग्रॅम या मशीनकडे परवानगी मागतो. मशीन गप्प, तर रक्तपेढीतला प्रोग्रॅमही बंद. मी गेल्यावर कोणी विजेचे बिल वाचवायला बटण दाबले, तर रक्ताची वाट पाहणारा माणूस जिवाला मुकेल.

३. मेहुण्याविषयी. पूर्वी आम्ही एकत्र काम करायचो. तो कोड पळवणार असा मला दाट संशय होता, म्हणून त्याला बाजूला केले. कुलूप मुख्यतः त्याच्यासाठीच. "अहो, माझा भाऊ आहे तो, दरोडेखोर नव्हे," असे बायको जाईपर्यंत सांगत राहिली. मी बधलो नाही.

यंदा रक्तपेढीतली प्रत तपासायला आणली, तर तीत एक दुरुस्ती, माझी नसलेली. एका दात्याच्या रक्तातून लाल पेशींची आणि लवकर बाद होणाऱ्या प्लेटलेट्सची अशा दोन पिशव्या निघाल्या की दुसरीलाही पहिलीचीच मुदत लागत होती. ते कोणीतरी बरोबर केलेले. त्या अगम्य नावांत शिरून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तंत्रज्ञ बाईंना फैलावर घेतले.

त्या म्हणाल्या, "तुम्ही ॲडमिट होता. मुदत संपलेली पिशवी पेशंटला लागता लागता राहिली. मग तुमच्या मेहुण्यांना बोलावलं. दिवसभर बसले, चहालाही उठले नाहीत. जाताना म्हणाले, भाऊजींना कळू देऊ नका, ते नवं कुलूप बसवतील."

बसवलेच. त्याच संध्याकाळी.

४. पण पळवायचे असते तर त्याने तेव्हाच पळवले असते. (याबद्दलही मला अजून थोडी शंका आहे.) मूळ कोड, खऱ्या नावांसकट आणि टिपांसकट, मेहुण्याला द्यावा. त्याने सगळी कुलपे काढून रक्तपेढीला उघडी प्रत द्यावी. टिपांत त्याला ठिकठिकाणी शिव्या आहेत. खोडायला बसलो होतो. एकही खोडवली नाही. फक्त मुदतीच्या हिशेबाशेजारी एक नवी टीप घातली आहे: "इतकी वर्षं लिहिलं, ते वाचणारा तू एकटा. फार बरं वाटलं रे. तोंडावर सांगायची हिंमत नाही."

साक्षीदार:
१. शेजारचे दंतवैद्य (सही)
२. समोरच्या शिवणकामवाल्या बाई (सही)
दोघांनी माझी सही पाहिली. मजकूर मी हाताने झाकून धरला होता.

लिहून ठेवणार (सही)
ठिकाण: मागची खोली, दार आतून लावून
दिनांक: १४ मार्च, गुरुवार