दारावरचे ‘अर्थात’

दि. ६ जानेवारी

चि. ‘परंतु’ हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. लहानपणी माझ्या प्रत्येक विधानापुढे ‘पण’ लावत होतीस म्हणून पडलेले हे नाव तू पस्तिशीतही सार्थ करतेस, याचे कौतुक आहे. सर्दीतापासाठी छोट्याला पुन्हा इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नेलेस, याचे मात्र नाही.

तुझी कारणे वाचली. दवाखाना तुझी बँकेतली खिडकी उघडल्यावर उघडतो आणि ती बंद होण्याआधी बंद होतो. अंग जरा कोमट लागले, तरी पाळणाघराच्या बाई डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मुलाला आत घेत नाहीत. दवाखान्यात फोन करावा, तर काळजी वाटत असेल तर तातडीच्या विभागात जा, एवढेच सांगतात. ही सर्व गैरसोयीची कारणे झाली, आणि गैरसोय म्हणजे तातडी नव्हे. त्याच रांगेत कुणी छाती धरून बसलेला असतो.

तुमच्या इस्पितळाच्या समितीचे अध्यक्ष माझे जुने विद्यार्थी. त्या विभागाच्या दारावरील फलकाचा मजकूर त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला आहे. तर्कशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या आयुष्याचे चीज झाले म्हणायचे. जावईबापूंना आशीर्वाद. वाद घाल, परंतु लोभात खंड नको.

तुझे बाबा

दि. २ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न.

छोट्याचं ऑपरेशन झालं. पोटात नळी आहे, ताप उतरत नाही. तो वाचेल ना, असं विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच काही सांगता येणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. त्याला कडेवर घेऊन मी तातडीच्या दारापर्यंत गेले. फलकावर लिहिलं होतं, ‘ज्यांची प्रकृती तातडीची नाही, अर्थात जे उद्यापर्यंत थांबू शकतात, त्यांनी थांबावे; आपली सोय दुसऱ्याचे संकट ठरू शकते.’ ‘अर्थात’ तुमचं, अर्धविरामही तुमचाच. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर मनातल्या मनात दोन शिव्या घालून मी आत गेले असते. तुमचं होतं म्हणून शहाण्या मुलीसारखी मागे फिरले. आत का नाही गेलो, असं छोट्याने विचारलं. आजोबा नको म्हणाले, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि आम्हाला त्याच दाराकडे धाडलं. तोवर अपेंडिक्स फुटलं होतं.

बाबा, याआधी सर्दीतापाला गेले, तेव्हा तपासून झाल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले होते की तातडीचं काही नव्हतं. हे वाक्य भूतकाळातच बोलता येतं. दाराबाहेर उभ्या असलेल्या आईला ते वर्तमानकाळात कसं बोलता येणार? मी नोटा ओळखते, पोटं नाही. तुमच्या फलकात एवढंच घाला, की तिने नेमकं काय पाहून थांबायचं.

लोभ असावा, असं आज हातून लिहवत नाही.

तुमची मुलगी

दि. २१ फेब्रुवारी

चि. सौ. कन्येस आशीर्वाद.

छोटा घरी आल्याचे जावईबापूंकडून कळले, तुझ्याकडून नाही. ते योग्यच आहे.

तू मागितलेले वाक्य लिहावयास बसलो. प्रत्येक मसुदा ‘तपासणीनंतर’ या शब्दापाशी अडतो. म्हणजे माझे विधान दाराच्या आतच सत्य आहे, आणि फलक दाराबाहेर आहे. इतकी ढोबळ चूक मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माफ केली नसती. तसे समितीला लेखी कळवून फलक उतरवण्याची विनंती केली.

काल अध्यक्षांचा फोन आला. फलक लागल्यापासून लहान मुलांची गर्दी निम्म्यावर आली, म्हणून त्यांनी माझे अभिनंदन केले. न आलेली मुले कुठे गेली, असे मी विचारले. ते हसून म्हणाले, सर, ज्याअर्थी ती आली नाहीत, त्याअर्थी बरीच असणार. ही वाक्यरचना ते माझ्याच वर्गात शिकले.

फलक राहणार आहे. शेजारच्या इस्पितळानेही मजकूर मागून नेला.

लोभ उरला असल्यास ठेवावा.

बाबा