मस्कतच्या शेगडीवरचे लाल ठिपके

अंबरनाथ (पूर्व),
रविवार, फेब्रुवारी १९९२

चि. शिवराम यास दाजींचा मनापासून जय भीम.

तुझं पत्र पोचलं. पाठीचं दुखणं आटोक्यात असेल आणि मस्कतच्या उन्हात तू डोक्यावर टोपी घालत असशील असं धरून चालतो (घालत नसशील. सख्ख्या बहिणीचं कधी ऐकलं नाहीस, दाजीचं काय ऐकणार!). इकडे मी, रघू आणि सूनबाई चांगुणा ठीक आहोत. अंजनाला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल, त्यामुळे 'ठीक' लिहिताना पेन अडखळतं, पण पत्रात दुसरं काय लिहितात? तिचा फोटो भिंतीवर लावलाय. रघूच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून स्टेशनजवळच्या स्टुडिओत मोठा करून घेतला. फोटोवाल्यानं स्वतःच्या अकलेनं भुवया काढल्या, ओठ मिटवले, आणि आता येणारा जाणारा मला विचारतो, ही तुमची आई का हो?

आता तुझ्या शेगडीबद्दल लिहितो. तू सुट्टीवर आलास तेव्हा अंजना रॉकेलच्या रांगेत उभी होती, गॅसचा नंबर काही लागत नव्हता, ते तुला बघवलं नाही आणि तू मस्कतहून बोटीनं ही विजेची शेगडी धाडलीस. वर चार कॉइल, खाली भट्टी. दारातून आत येईना म्हणून चौकट काढली. पहिल्याच दिवशी मी हौसेनं चारही कॉइल एकदम लावल्या आणि आख्ख्या चाळीचा फ्यूज उडवला (शेजारच्या गोदूबाईंचा रेडिओ त्या दिवसापासून खरखरतो, आणि दोष आजही माझ्याकडेच). शिवाय हात लावला की चिमटा काढल्यासारखा करंट बसायचा. म्हणून अंजना लाकडी पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. पुढे मी अर्थिंग करून घेतलं, करंट गेला, पाट मात्र तिनं हलवू दिला नाही. म्हणायची, त्याच्यावर उभं राहिलं की तुमच्याएवढी होते.

दर जयंतीला ती त्या भट्टीत आख्ख्या चाळीसाठी नानकटाई करायची. बाकीच्या बायका पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत ताटकळायच्या आणि आपली बाई पाटावर उभी राहून ऐटीत सांगायची, माझ्या भावानं पाठवलीय.

ती गेल्यावर भट्टी थंडच होती. आता घरात गॅस आलाय आणि शेगडीनं अर्धं स्वयंपाकघर अडवलंय. चांगुणा वाईट नाही रे, पण तिचंही बरोबर आहे. वर्षाच्या कार्यक्रमाला भंतेजी येणार, पाहुणे येणार, माणसांनी काय शेगडीवर बसायचं? तिनं भंगारवाल्याचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, त्या दिवशी पाहुण्यांच्या हातात याच भट्टीतली नानकटाई ठेवीन, नाही जमलं तर खुशाल दे भंगारात! आणि मिशीला पीळ दिला (मला मिशी नाही, तरी दिला).

भट्टीची कॉइल जळाली होती. ती घेऊन उल्हासनगरला गेलो. तिथल्या सिंधी मिस्त्रीनं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, चाचा, इसको छोडो, पूरा डब्बा मेरेको दे दो, कपडे रखने का कपाट बना दूँगा. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं निमूट तशीच कॉइल वळून दिली. घरी येऊन वायरींची काळी पडलेली टोकं ब्लेडनं खरवडली, स्क्रू आवळले, बटण फिरवलं, आणि शिवराम, भट्टी लालबुंद झाली! मला इतका आनंद झाला की मी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि शेगडी घासून घासून नवी करून टाकली.

तिथेच घात झाला. भट्टीच्या बटणावरचे आकडे कधीच झिजून गेले होते. बटणाशेजारी दोन लाल ठिपके होते, नखांना लावायच्या रंगाचे. मला वाटलं, रघूच्या लग्नात कुणा पोरीनं सांडलं असेल. ब्लेडनं खरवडून पुसून टाकले. गोदूबाई बघायला आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, अहो भाऊ, ठिपके कुठं गेले? बटण कुठवर फिरवायचं ते कळावं म्हणून अंजनानं लावले होते. एक शुक्रवारचा, एक इतर वारांचा. शुक्रवारी आपल्याकडे कारखाने बंद, म्हणून वीज जोरात येते. बाकीचे दिवस आनंदनगरच्या कारखान्यांतली यंत्रं वीज ओढतात आणि आपले दिवे पिवळे पडतात. मी जन्मभर कारखान्यात खपलो, शुक्रवारची सुट्टी घोरत काढली, पण त्या दिवशी घरात काय फरक पडतो हे मला कधी सुचलं नाही. तिनं ते नुसतं नानकटाईवरून ओळखलं.

मग मी भट्टी अंदाजानं लावली. बुधवारी पिठाचे गोळे जसे आत गेले तसेच बाहेर आले. शुक्रवारी कोळसा झाला. चाळीतल्या कुत्र्यानं हुंगलं आणि शेपूट घालून निघून गेलं. चांगुणानं एक तुकडा तोंडात टाकला आणि हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

खरं सांगतो, तो जळका ट्रे मांडीवर घेऊन मी रडलो. अंजना गेली तेव्हा येणारी जाणारी माणसं, त्यांचे चहा, दवाखान्याचे कागद, यात रडायला सवडच मिळाली नाही. हाताशी उरलेली तिची एक गोष्ट होती, ती मी माझ्या हातानं घासून पुसून काढली रे.

तेव्हा नवी शेगडी पाठवतो असं लिहिलंयस, ती पाठवू नकोस. तिकडे आकडे असलेलं बटण मिळालं तर तेवढं धाड. जेवत जा वेळेवर.

तुझा दाजी,
धोंडिबा

ता. क. भंगारवाला आज आला होता. चांगुणानं त्याला दारातूनच परतवलं. म्हणाली, बाबांचं काम चालू आहे. आता पाटावर उभी राहून ट्रेला तूप लावतेय. पाहुणे बसतील गॅलरीत.

ता. क. २. बटण राहू दे. तू आणखी एकदा सुट्टीवर आलास तेव्हा शेगडीजवळ अंजनाचा फोटो काढला होतास. पाटावर उभी होती, तू काहीतरी चावटपणा केलास आणि ती तोंडाला पदर न लावता खळखळून हसली होती. त्या फोटोत ठिपके दिसत असतील. मोठा करून पाठव, म्हणजे कुठे लावायचे ते कळेल.

ता. क. ३. ती बटणांच्या पुढ्यातच उभी असेल आणि ठिपके झाकले गेले असतील, तरी पाठव.