आईने पाहिलेलं चित्र

सांगली,
ता. ९ जानेवारी १९४७

चि. चारूस गोदीताईचा आशीर्वाद आणि मायेची आठवण.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. यांची माधवनगरच्या गिरणीतली पाळी आता दिवसाची झाली. मला आठवा लागला. पाय सुजतात, बाकी त्रास नाही. घरातलं वरचं काम राहीबाई बघते.

तुझं चित्र कसं वाटलं ते मी अजून कळवलं नाही, अशी तुझी तक्रार आहे. आज कळवते.

तुझं चित्र ज्या कादंबरीवरून निघालं, तिच्याच लेखकाच्या आधीच्या कादंबरीवर तुमच्या सिनेमा कंपनीने चित्र काढलं होतं, बुडालेल्या नावाड्याचं, आठवतं? पुस्तकात त्याच्या सुजलेल्या अंगाचं पानभर वर्णन होतं. चित्रात तो दिसलाच नाही, उंबऱ्यावर नुसती ओली पावलं. आई म्हणाली होती, "पुस्तकापेक्षा हेच खरं वाटतं गं."

तुझ्या चित्राचं उलट झालं. ती कादंबरी मी आईला दुपारची वाचून दाखवायची. बाळंतपणात गेलेली उमा तिन्हीसांजेला अंगणात येते, "बाळ निजलं का?" एवढंच विचारते आणि निघून जाते. आईने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "एकदा बाळ घेऊ द्या की तिला!"

चित्रात त्या उमेची हडळ केली, आणि ती झालीस तू. पाळण्यातलं मूल पायाला धरून ओढणारी. लोक किंचाळले, तिकिटं खपली. पण उमा कुठे राहिली त्यात?

भाद्रपदात आम्ही तिघी ते बघायला गेलो होतो. आई शेजारच्या बायकांना सांगत होती, "ही माझी धाकटी." राहीबाई हसत होती, "आवं, ह्या आपल्या चारूताई न्हवं? लय भ्या वाटतंय की!" मग पाळण्याचा प्रसंग आला. आईने माझा दंड धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

"रंग लावतात गं आई. दिव्यांची करामत असते," मी समजावलं.

"तोंड तर तिचंच होतं ना?"

दिवाळीत तू आलीस, आईपुढे चहा धरलास. तिने कप उडवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तू रडत निघालीस तेव्हा मी म्हटलं, सिनेमात गेलीस म्हणून रागावली आहे. ते खोटं होतं. तू गेल्यावर ती मला म्हणाली, "पोट झाकून बस. ती बघत होती."

रागावली नव्हती गं ती. घाबरली होती. तुला.

मार्गशीर्षात अंथरुणाला खिळली तेव्हा तुझं नाव सारखं घ्यायची. पण ते परकरातल्या चारूचं. "माझी चारू कुठं गेली?" असं मलाच विचारायची. तुला तार करते म्हटलं की हात जोडायची. म्हणून तार उशिरा गेली, आणि तू आलीस तोवर सगळं आटोपलं होतं. शेवटी तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं, की बाळंतिणीच्या खोलीत तुला येऊ द्यायचं नाही. तिला शांत वाटावं म्हणून मी हो म्हटलं. पाळायचं नाही, असंच मनात होतं.

आता तू लिहितेस, "आई नाही, तर बाळंतपणाला मी येते. बाळाला मी सांभाळीन."

तुझ्याशिवाय मला माहेरचं कोण उरलंय? मी शिकलेली आहे, मला सगळं कळतं. तरी त्या ओळीपाशी आले आणि माझा हात पोटावर गेला. आपोआप. बराच वेळ तो मला काढता आला नाही.

राहीबाईने विचारलं, "ताई येनार व्हय?"

मी म्हटलं, "नाही."

येऊ नकोस, चारू. तुझा काही अपराध नाही. मूल चालायला लागलं की मीच त्याला तुझ्याकडे घेऊन येईन, असं लिहायला घेतलं होतं. लिहवत नाही.

तरीही तुझीच बहीण,
गोदावरी